तरंगणाऱ्या विटेचे वजन

धाराशिव जिल्ह्यातल्या तेरला जाऊन आलेला माणूस हमखास दोन गोष्टी सांगतो : गोरोबाकाकांची समाधी आणि पाण्यावर तरंगणारी वीट. तेरच्या रामलिंगप्पा लामतुरे वस्तुसंग्रहालयात सातवाहनकाळातल्या मृण्मूर्ती आहेत, पाँपेईत सापडलेल्या मूर्तीशी नाते सांगणारी हस्तिदंती स्त्रीमूर्ती आहे. परतल्यावर मात्र बोलणे होते ते विटेचेच. आमच्या कर्जतकडे ही हकिगत सांगताना शेवटी ‘देवाची करणी’ हे शब्द जोडले जातात. ते जोडले, की वीट घडवणारा माणूस गोष्टीतून बाहेर पडतो. माझी तक्रार तेवढ्यापुरती आहे.

तेर म्हणजे प्राचीन तगर. जे. एफ. फ्लीट यांनी 1901 मध्ये ही ओळख पक्की केली. इसवी सनाच्या पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासवर्णनात पैठणच्या पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवर तगर असल्याचे आणि तिथले कापड भडोच बंदरात उतरत असल्याचे लिहिले आहे. या गावात त्रिविक्रम आणि उत्तरेश्वर ही विटांची दोन जुनी देवळे आहेत. त्रिविक्रमाचे देऊळ मागच्या बाजूला गोलाकार आणि वर हत्तीच्या पाठीसारखे आहे. ते मूळचे बौद्ध चैत्यगृह असावे, असे अनेक अभ्यासकांचे मत आहे. तेरच्या जुन्या विटा हातात घेतल्या, की आकाराच्या मानाने हलक्या लागतात. त्यांच्या मातीत तूस-भुसा मिसळल्याच्या खुणा आहेत.

आता वजनाकडे येऊ. कर्जतच्या बाजारात मिळणारी नऊ बाय चार बाय तीन इंचांची एक वीट मी किराणा दुकानाच्या काट्यावर ठेवली. तीन किलो भरली. तिचे आकारमान साधारण 1,770 घन सेंटीमीटर. म्हणजे घनता 1.7, पाण्याच्या पावणेदोन पट. पूर्ण बुडाल्यावर ही वीट 1,770 ग्रॅम पाणी बाजूला सारते आणि पाणी तिला तेवढ्याच वजनाचा आधार देते. उरलेल्या सव्वा किलोला आधार नाही, म्हणून ती तळ गाठते. हाच हिशेब उलटा केला, तर त्याच मापाची वीट पावणेदोन किलोच्या आत बसली तरच तरंगेल. भाजलेल्या मातीच्या कणांची स्वतःची घनता 2.6च्या आसपास असते. तेव्हा तरंगणाऱ्या विटेत शंभरातले साठाहून अधिक भाग पोकळ असले पाहिजेत. ती वीट म्हणजे माती कमी आणि हवा जास्त.

पण पोकळी असून भागत नाही. गवंडी बांधकामाआधी विटा हौदात भिजत घालतो, तेव्हा बुडबुड्यांची रांग लागते. विटेतली हवा बाहेर पडत असते आणि पाणी आत शिरत असते. पोकळ्या एकमेकींना जोडलेल्या असतील, तर हलकी वीटही पाणी पीत पीत अखेर खाली जाते. म्हणून ‘वीट तरंगते’ असे कोणी सांगितले, की मी ‘किती वेळ?’ असे विचारतो. लोकांना हा प्रश्न फारसा आवडत नाही.

पोकळी येते कुठून, याचे उत्तर मला आमच्याच भागातल्या वीटभट्टीवर मिळाले. तिथे चिखलात उसाची बगॅस आणि राख तुडवत होते. कशासाठी, असे विचारल्यावर भट्टीवरचे वयस्कर कारागीर म्हणाले, “भुस्कट नाय घातलं तर वीट वाळतानाच तडकती. काळी माती लई आवळती.” कर्जत काय, तेर काय, जमीन एकाच जातीची. काळी माती पाण्याने फुगते आणि उन्हात भेगाळते. उन्हाळ्यात आमच्या शेतांत हात जाईल एवढ्या भेगा पडतात. तुसाने माती मोकळी होते, ओल सावकाश बाहेर पडते. भट्टीत तेच तूस आतून जळते, म्हणजे विटेला पोटातून आच मिळते आणि सरपण वाचते. जळून गेलेल्या प्रत्येक तुसाच्या जागी एक पोकळी राहते. माझ्या मते तेरच्या कुंभाराला वीट तरंगवायची नव्हती, ती न तडकता सुकवायची होती. हलकेपणा पुढे आपसूक आला आणि देवळाच्या छताला तो मानवला. तेलंगणातल्या पालमपेठच्या रामप्पा मंदिराच्या शिखरातही तरंगणाऱ्या विटा आहेत. ते देऊळ 1213चे, म्हणजे तेरच्या देवळांहून कितीतरी अलीकडचे.

मडके थापटण्याने वाजवून कच्चे-पक्के ठरवायची गोरोबाकाकांची गोष्ट आपण भक्तीची म्हणून ऐकतो. तिच्यात कुंभाराची रोजची तपासणी आहे. भाजणीत कसर राहिली, की आवाज बद्द येतो. तेरच्या विटा गोरोबांच्या कित्येक शतके आधीच्या, पण तपासणारा कान त्याच परंपरेतला.

तगरचा व्यापार रोमपर्यंत पोहोचल्यामुळे ही विद्या तिकडून आली, असे सुचवण्याचा मोह काहींना होतो. त्याला निमित्तही आहे. इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकातला रोमन स्थापत्यकार व्हिट्रुव्हियस याने आशिया मायनरमधल्या पितानी आणि स्पेनमधल्या दोन गावांच्या तरंगणाऱ्या विटांची नोंद केली आहे. आर्किमिडीज, सोन्याचा मुकुट आणि न्हाणीघर ही शाळेत शिकवली जाणारी गोष्टही आपल्याला त्याच्याच ग्रंथात सापडते. आर्किमिडीजच्या तरंगत्या वस्तूंवरच्या स्वतःच्या ग्रंथात ती नाही. पण व्हिट्रुव्हियस आपल्या विटांचे कारण देतो ते ज्वालामुखीच्या सच्छिद्र दगडासारख्या हलक्या मातीचे, जी त्याच्या मते पाणी शोषत नाही. तेरला अशी माती नाही. तिथे चिकट काळी माती आहे आणि खळ्यावर पडलेला भुसा आहे. एवढे साहित्य हाताशी असताना कुंभाराला रोमहून निरोप यायची गरज नव्हती. मातीच त्याला शिकवत होती, आणि दर उन्हाळ्यात तडकलेल्या विटांच्या ढिगाने शिकवत होती.