चाचणीसंच : रचना व नामकरण

सॉफ्टवेअर तपासण्यासाठी लिहिलेल्या स्वयंचलित चाचण्यांपैकी एकत्र चालवायच्या चाचण्यांचा गट म्हणजे चाचणीसंच. प्रोग्रामरांच्या बोलण्यात तो ‘टेस्ट सूट’ असतो. प्रकल्प मोठा झाला की चाचण्या हजारांवर जातात. त्यांतल्या कोणत्या केव्हा चालवायच्या आणि एखादी फेल झाली तर नेमके काय बिघडले, हे गटांवरून व नावांवरून कळावे लागते.

चाचण्या संचात बांधण्याची आजची रूढ मांडणी केंट बेक यांच्या स्मॉलटॉक भाषेतील ‘एसयुनिट’ या चाचणी-साधनातून आली. १९९७ मध्ये बेक व एरिक गामा यांनी जावासाठी ‘जेयुनिट’ लिहिले. त्यात सुटी चाचणी आणि अख्खा संच एकाच पद्धतीने चालवता येतात, म्हणून संचाच्या पोटात संच ठेवता येतो.

गट पाडण्याची सर्वांत रुळलेली रीत म्हणजे मूळ कोडच्या फोल्डरांप्रमाणे चाचण्यांचे फोल्डर करणे. शोधायला ती सोयीची असली, तरी वेळेचा प्रश्न तिने सुटत नाही. डेटाबेस किंवा नेटवर्कवर विसंबणाऱ्या संथ चाचण्या जलद चाचण्यांत मिसळल्या, की प्रोग्रामर सगळाच संच चालवायचे टाळू लागतात. म्हणून गूगलने चाचण्यांचे लहान, मध्यम व मोठा असे आकार ठरवले. लहान चाचणीने एकाच प्रोसेसमध्ये चालावे, नेटवर्कला हात लावू नये, असा तिथला दंडक आहे. मुख्य भाग चालतात का एवढेच झटपट पाहणारा ‘स्मोक’ आणि नव्या बदलाने जुने काही बिघडले नाही ना हे पाहणारा ‘रिग्रेशन’, हे गट हेतूवरून पडतात. एकच चाचणी अनेक गटांत बसू शकते. त्यासाठी ‘जेयुनिट ५’मध्ये टॅग, तर पायथॉन भाषेच्या ‘पायटेस्ट’मध्ये मार्कर असतात.

नाव देताना चाचणी कोणत्या फंक्शनची आहे, एवढेच सांगणे पुरत नाही. ‘पैसे काढणे २’ या नावातून काहीच उमगत नाही. ‘शिल्लक अपुरी असताना पैसे काढू देत नाही’ या नावात परिस्थिती आणि अपेक्षित वर्तन दोन्ही येतात. चाचणी फेल झाली की कोड न उघडताही बिघाड कळतो. रुबी भाषेच्या ‘आरस्पेक’ या साधनात चाचणीचे वर्णन अशाच वाक्यांत लिहिले जाते.

काही साधने चाचण्या नावावरूनच ओळखतात. जुन्या ‘जेयुनिट ३’मध्ये मेथडचे नाव ‘टेस्ट’ने सुरू व्हावे लागे. ‘पायटेस्ट’ही मुळात फाइल व फंक्शनचे नाव पाहूनच चाचण्या गोळा करते. त्या उपसर्गात एक अक्षर चुकले, तर ती चाचणी चालतच नाही आणि उरलेल्या पास झाल्या की निकाल हिरवाच दिसतो. म्हणून निकाल पाहताना एकूण किती चाचण्या चालल्या, तो आकडाही तपासावा.