एकोणीस हजार

आमच्या नामपुरात कुणाला डेंग्यू झाला की सगळं गाव एकच प्रश्न विचारतं : पेशी किती? बरेच जण ‘पांढऱ्या पेशी’ म्हणतात. बोलणं चाललेलं असतं प्लेटलेटचं. त्या पांढऱ्या पेशी नव्हेत. खरं तर धड पेशीही नव्हेत. शाळेच्या पुस्तकात त्यांना रक्तपट्टिका म्हटलं होतं. वडिलांना मालेगावात ॲडमिट करेपर्यंत मला तो शब्द कधी आठवावा लागला नव्हता.

मी पुण्यात. व्हॉट्सॲपवर रोज लॅबचा रिपोर्ट यायचा. ५२ हजार. ३१ हजार. १९ हजार. नॉर्मल आकडा दीड ते साडेचार लाख. घरी थांबलेली आजी फोनवर एवढंच विचारायची, “आज कितल्या?” चुलतभाऊ पपईच्या पानांचा रस घेऊन दवाखान्यात हजर. मी डॉक्टरांना फोन लावला आणि म्हणालो, प्लेटलेट चढवा, पैशांचं मी बघतो.

डॉक्टर म्हणाले, “रक्तस्राव नाहीये. लघवी होतेय, बीपी ठीक आहे, हिमॅटोक्रिट स्थिर आहे. थांबू या.”

मी त्यांच्यावर ओरडलो. सर्व्हर पडत असताना कुणी ‘थांबू या’ म्हणालं तर मी जसा ओरडतो, तसाच. मग रात्रीची बस पकडली आणि झोप येईना म्हणून वाचत बसलो.

१८८२ साली इटलीत जूलिओ बिझ्झोझेरो यांनी दाखवून दिलं की रक्तातले हे बारीक कण कचरा नाहीत, ते रक्तस्राव थांबवतात. पण हे येतात कुठून? १९०६ मध्ये बोस्टनच्या जेम्स होमर राइट यांनी उत्तर दिलं : अस्थिमज्जेतल्या मेगाकॅरिओसाइट नावाच्या अवाढव्य पेशीचे तुकडे पडून. ही पेशी आतला डीएनए पुन्हा पुन्हा दुप्पट करते, पण स्वतः दुभंगत नाही. फुगत जाते आणि शेवटी तिच्यातून हजारो प्लेटलेट सुटतात. निरोगी माणसात रोज सुमारे दहा हजार कोटी.

मग या कारखान्याला ‘माल कमी पडलाय’ हे कळवतं कोण? १९५८ मध्ये हंगेरीच्या केलेमेन आणि सहकाऱ्यांनी त्या निरोप्याचं नाव ठेवलं, थ्रोम्बोपोएटिन. नाव होतं, पदार्थ मात्र हाती नव्हता. रक्तात तो इतका कमी असतो की शुद्ध करता करता पुढची पस्तीसेक वर्षं गेली. धागा सापडला भलतीकडेच. फ्रान्समध्ये उंदरांना रक्ताचा रोग करणारा एक विषाणू मिळाला. त्याच्या जनुकावरून १९९२ मध्ये माणसाच्या पेशीवरचा एक रिसेप्टर सापडला. कुलूप मिळालं, किल्ली नाही. १९९४ मध्ये अनेक गटांनी जवळपास एकाच वेळी किल्ली शोधली. ती थ्रोम्बोपोएटिनच होती.

ही किल्ली लागली की रिसेप्टरच्या आतल्या टोकांना चिकटलेली जॅक२ नावाची प्रथिनं जागी होतात आणि फॉस्फेटचे ठसे मारत सुटतात. तो ठसा घेऊन स्टॅट नावाची प्रथिनं केंद्रकात जातात आणि जनुकं चालू करतात. त्याच वेळी शेजारच्या दोन-तीन वाटांनीही निरोप जातो : जग, वाढ, डीएनए दुप्पट कर. हीच जॅक२ बिघडून कायमची चालू राहिली तर उलटा आजार होतो, प्लेटलेट वाढतच जातात. तो एका अक्षराचा बिघाड २००५ मध्ये सापडला.

मला सगळ्यात आवडलं ते नियंत्रण. यकृत थ्रोम्बोपोएटिन जवळपास ठरावीक वेगाने बनवत राहतं. तोच रिसेप्टर प्लेटलेटवरही असतो, आणि त्या हा निरोप गिळून टाकतात. प्लेटलेट भरपूर असल्या की निरोप मज्जेपर्यंत फारसा पोचत नाही. कमी झाल्या की गिळणारे कमी, म्हणून निरोप जास्त पोचतो. यात मुख्यतः मोजणी अशी कुणी करतच नाही. खप हीच मोजणी.

या साखळीत हात घालणं सोपं नव्हतं. नव्वदच्या दशकात या हार्मोनचं एक कृत्रिम रूप निरोगी स्वयंसेवकांनाही टोचलं गेलं. काहींच्या शरीराने त्याविरुद्ध अँटिबॉडी बनवल्या, त्या स्वतःच्या थ्रोम्बोपोएटिनवरही उलटल्या आणि प्लेटलेट घसरल्या. १९९८ मध्ये त्या चाचण्या थांबल्या. त्याच रिसेप्टरला जागं करणारी, पण हार्मोनशी साम्य नसलेली औषधं अमेरिकेत मंजूर झाली ती २००८ मध्ये. तीही वेगळ्या आजारांसाठी, डेंग्यूसाठी नाही.

डेंग्यूत विषाणू मज्जेला काही दिवस दाबतो, रक्तातल्या प्लेटलेटही नष्ट होतात. मोठा धोका रक्तवाहिन्यांतून द्रव झिरपण्याचा. म्हणून डॉक्टर हिमॅटोक्रिट बघत होते. सिंगापूर आणि मलेशियातल्या डेंग्यू रुग्णांवरचा एक अभ्यास २०१७ मध्ये छापून आला. प्लेटलेट वीस हजार किंवा त्याखाली, पण रक्तस्राव नाही, अशा प्रौढांना आधीच प्लेटलेट चढवून रक्तस्राव टळला नाही. दुष्परिणाम मात्र वाढले.

पहाटे मालेगावात उतरलो. डॉक्टर राउंडला आले तेव्हा मी माफी मागितली. ते म्हणाले, “पाणी पाजत राहा.”

त्या दिवशी २६ हजार, दुसऱ्या दिवशी ५८ हजार. चुलतभाऊ म्हणतो, पपईचा रस. मी वाद घातला नाही. आजीला फोन केला.

“कितल्या?”

“वाढताहेत, आजी.”

“कोन वाढाडी ऱ्हायनं?”

मला उत्तर सांगायला पस्तीस वर्षांचा शोध सांगावा लागला असता. म्हटलं, “त्यांचं तेच.”