मंदाग्निपाक
मांस, कंदमुळे व मसाला घट्ट झाकलेल्या भांड्यात एकत्र घालून अल्प उष्णतेवर दीर्घकाळ शिजविण्याची पद्धती. गोमांस व बटाटे यांचा या पद्धतीने केलेला दाट रस्सा पाश्चात्त्य देशांत विशेष रूढ असून तेथे तो बहुधा ‘स्लो कुकर’ या विद्युत् उपकरणात करतात. महाराष्ट्रात या पाकाचा इतिहास निराळा आहे. ठाणे जिल्ह्यातील मानपाडा परिसरात त्याचे बरेचसे धागे एकत्र सापडतात. या नावाची ठिकाणे दोन : एक ठाणे शहरात घोडबंदर मार्गावर येऊरच्या पायथ्याशी, दुसरे डोंबिवलीनजीक कल्याण-शीळ मार्गावर. दोन्ही आता नागरी वस्तीत सामावली आहेत.

बटाटा मूळचा दक्षिण अमेरिकेतील. पश्चिम किनाऱ्यावर तो पोर्तुगीजांबरोबर आला व त्याचे मराठी नावही पोर्तुगीजच राहिले. मराठ्यांनी १७३७ मध्ये ठाणे व १७३९ मध्ये वसई घेईपर्यंत हा मुलूख पोर्तुगीजांकडे होता. त्या काळात ख्रिस्ती झालेल्या येथील मराठीभाषी समाजाने १८८७ मध्ये ‘ईस्ट इंडियन’ हे नाव स्वीकारले. गोमांस व बटाटा यांचा संयोग या भागात त्यांच्याच स्वयंपाकात खऱ्या अर्थाने रुजला. खिम्याचे पुरण घातलेले बटाट्याचे चॉप सर्वपरिचित आहेत. रश्श्यासाठी लागणारा ‘बॉटल मसाला’ उन्हाळ्यात भाजून, कुटून बिअरच्या गडद बाटल्यांत ठासून भरतात. मसाल्याचे नाव त्यावरूनच पडले.

नडगीसारख्या राबत्या स्नायूंचे मांस चिवट असते, पण स्वस्तही असते. त्यातील कोलॅजेन ७०° से.च्या पुढे कित्येक तासांनी विरघळून जिलेटिन बनते. मांस मऊ होते आणि रस्सा आपोआप दाटतो. बटाट्याचे वागणे वेगळे. त्याच्या पेशी जोडून ठेवणारे पेक्टिन सुटण्यास अधिक उष्णता लागते व आंबटपणाने ते लवकर सुटत नाही. म्हणून बटाटे तळाशी, उष्णतेच्या जवळ ठेवावेत आणि कोकम किंवा चिंच शेवटी घालावी. हा क्रम चुकला, तर मांस शिजते आणि बटाटा कच्चाच राहतो.

रायगड व लगतच्या ठाणे जिल्ह्यातील ‘पोपटी’ ही याच घराण्यातील म्हणता येईल. मात्र ती मंद नव्हे. हिवाळ्यात वालाच्या शेंगा भरल्या, की मडक्यात भांबुर्ड्याचा पाला, शेंगा, ओवा, मीठ, बटाटे, अंडी व मसाला लावलेली कोंबडी भरतात आणि तोंड पाल्यानेच बुजवून मडके पालथे घालून भोवती पेंढा पेटवितात. पाणी अजिबात घालीत नाहीत.

कलकत्त्याच्या इंदुमाधव मल्लिक यांनी १९१० मध्ये तयार केलेल्या ‘इकमिक कुकर’मध्ये खाली निखारे व वर डब्यांची उतरंड असे, वाफेवर अन्न सावकाश शिजे. अमेरिकेत अर्व्हिंग नॅक्सन यांना १९४० मध्ये विद्युत् पात्राचे एकस्व मिळाले. त्यांचे उत्पादन १९७१ पासून ‘क्रॉक-पॉट’ या नावाने विकले जाऊ लागले. त्यामागची प्रेरणा ज्यूंच्या शब्बाथचा रस्सा ही होती. शब्बाथला अग्नी पेटविणे निषिद्ध असल्याने तो आदल्या सायंकाळीच भट्टीत ठेवीत. ठाण्यातील बेने इस्राएल समाजही शब्बाथ पाळतो (येथील सिनेगॉग १८७९ मधील आहे), आणि कोकणात या समाजाला ‘शनिवार तेली’ म्हणत. मांसाबरोबर दूध वर्ज्य म्हणून त्यांनी रश्श्यात नारळाचे दूध स्वीकारले. भारतीय घरांत मात्र मंद कुकरला जम बसविता आला नाही. वेळ व इंधन वाचविणारा प्रेशर कुकर आधीच आला होता. १९५९ मध्ये स्थापन झालेल्या हॉकिन्सचा एक कारखाना ठाण्यातच आहे.

रश्श्यातील मुख्य घटक मात्र कायद्याने बदलला. १९७६ च्या महाराष्ट्र प्राणिरक्षण अधिनियमाने गोहत्येस बंदी घातली. विधिमंडळाने १९९५ मध्ये संमत केलेल्या दुरुस्तीस २०१५ मध्ये राष्ट्रपतींची संमती मिळून बैल व वळू यांचाही तीत समावेश झाला. राज्याबाहेर कापलेल्या जनावराचे मांस बाळगणे गुन्हा ठरविणारे कलम मुंबई उच्च न्यायालयाने ६ मे २०१६ रोजी रद्द केले. म्हैसवर्गीय जनावरे या सरसकट बंदीत येत नाहीत. त्यामुळे ‘बीफ’ या नावाने आज येथे मुख्यत्वे म्हशीचे मांस मिळते. ज्या घरांत हा पदार्थ पिढ्यान्‌पिढ्या होत होता, त्यांच्यावर हा निर्णय त्यांच्या संमतीवाचून आला. म्हशीच्या मांसात चरबी कमी व तंतू भरड असल्याने जुन्या पाकास आता आणखी वेळ द्यावा लागतो.