इरईचे ओरखडे

छत्रपती संभाजीनगरात राहणाऱ्याला दगड म्हटला की काळाच आठवतो. देवगिरीचा कातळ काळा, वेरूळचे कैलास लेणेही त्याच काळ्या दगडातले. पाहुण्यांना वेरूळ दाखवताना मी वर्षानुवर्षे सांगत आलो आहे की हा दगड सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा आहे आणि कारागिरांनी तो वरून खाली खोदत नेला. एकदा एका शाळकरी मुलीने विचारले, ‘‘ते खाली खणतच गेले असते तर काय लागलं असतं?’’ मी इतिहासाचा मास्तर. ठोकून दिले, ‘‘अजून दगड.’’ उत्तर चूक नव्हते, पण आळशी होते, आणि ते मला बरेच दिवस टोचत राहिले.

आमच्याकडे लाव्हाचे थर एवढे जाड आहेत की खालचे काही नजरेस पडत नाही. पूर्वेकडे मात्र ही काळी चादर विरत जाते. अजिंठ्याच्याच डोंगररांगेत, बुलढाणा जिल्ह्यात उगम पावणारी पैनगंगा या चादरीवरून वाहत शेवटी वर्धेला मिळते, तेव्हा तिच्या काठाला करडा चुनखडक आणि त्यावरचे जुने गाळखडक उघडे पडलेले असतात. इरई हे गाव तिथले. चंद्रपूरची इरई नदी वेगळी. मी पहिल्यांदा विचारपूस केली तेव्हा मला त्या नदीवरच्या धरणाचाच रस्ता सांगण्यात आला होता. भूशास्त्राच्या जुन्या ग्रंथांत या गावाचा पत्ता ‘चांद्याच्या पश्चिम-नैऋत्येस दहा मैल’ असा दिलेला असतो.

इरईची गोष्ट सुरू होते ती ओडिशात. १८५६ साली तालचेरच्या कोळसाक्षेत्रात विल्यम ब्लॅनफर्ड, त्याचा धाकटा भाऊ हेन्री आणि थिओबाल्ड हे भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे तरुण अधिकारी काम करत होते. विल्यम तेव्हा चोविशीतला. कोळशाच्या थरांखाली त्यांना एक विचित्र खडक सापडला. बारीक, जवळजवळ पिठासारख्या हिरवट चिखलाचा तो दगड होता आणि त्यात मोठमोठे धोंडे रुतून बसले होते. यात विचित्र काय, ते पैठणला गोदावरीच्या पात्रात उभे राहिले की कळते. वाहते पाणी निवडक असते. जिथे धार जोराची तिथे गोटे राहतात, जोर ओसरला की वाळू, आणि पाणी जवळजवळ थांबले की गाळ. मोठाले धोंडे वाहून आणील एवढा प्रवाह असेल तर तो बारीक चिखल तिथे ठरूच देणार नाही. आणि चिखल बसण्याइतके पाणी शांत असेल तर धोंडा आणला कोणी? या तरुणांनी उत्तर दिले : बर्फाने. बर्फाला निवड करता येत नाही; पीठ काय, पर्वताचा तुकडा काय, सगळे एकाच ओझ्यात घेऊन तो चालतो आणि वितळला की होते तिथे टाकून देतो.

आल्प्सच्या हिमनद्या एके काळी कितीतरी दूरवर पसरल्या होत्या, हे लुई अगासीझने १८४० मध्ये मांडले होते. त्यालाही विरोध झाला, पण आल्प्सच्या माथ्यावर निदान बर्फ होता. ओडिशाच्या उकाड्यात बर्फ म्हणजे विद्वानांच्या दृष्टीने थट्टेचाच विषय. शिवाय आक्षेप रास्तही होता. डोंगर खचला, चिखलाचा लोंढा उतरला तरी धोंडे आणि चिखल एकत्र येतात. नुसत्या मिश्रणावरून बर्फ सिद्ध होत नाही.

बर्फ पुढे सरकला असेल तर त्याने तळाच्या कातळावर काहीतरी लिहून ठेवले पाहिजे. हिमनदीच्या बुडाला गोठून बसलेले दगड कानशीच्या दात्यांसारखे काम करतात. वरून शेकडो फूट बर्फाचा भार, खाली कातळ. दगड ओढला जातो तसतसा कातळ एकीकडे गुळगुळीत होतो आणि एकीकडे त्यावर समांतर रेघा उमटतात. घासणारा दगडही झिजतो. सहाणेवर चंदनाचे खोड एका बाजूने सपाट होत जाते, तसा त्याचा एक चेहरा सपाट होतो आणि त्या चेहऱ्यावरही ओरखडे पडतात. दगडगोटे, सपाट चेहरे आणि खालची सहाण, हे तिन्ही एकाच जागी मिळाले तर वाद मिटायला हरकत नव्हती.

ते १८७२ साली इरईला मिळाले. सर्वेक्षणातले फ्रान्सिस फेडन आणि त्यांचे प्रमुख थॉमस ओल्डहॅम यांना तालचेरसारख्याच गोट्यांच्या थराखाली पैनगंगेचा चुनखडक झिलईदार, खाचा पडलेला, रेघारेघांचा दिसला. फेडनने १८७५ मध्ये त्यावर टिपण लिहिले. त्याच्या शीर्षकात उष्ण कटिबंधातला हिंदुस्थान आणि बर्फ हे दोन शब्द शेजारी आहेत. तो मथळा लिहिताना त्याला थोडी मजा वाटली असावी, असे मला उगाच वाटते. पुढे १९६३ मध्ये स्मिथ या अभ्यासकाने हीच जागा पुन्हा तपासली.

रेघेबद्दल एक गोष्ट मला चंद्रपूरच्या एका निवृत्त भूगोल शिक्षकांनी शिकवली. आम्ही दोघे मार्च महिन्यात नदीकाठी गेलो होतो. बोट रेघेवरून फिरवत ते म्हणाले, ‘‘सर, ही रेघ रस्ता सांगते, माणूस येत होता की जात होता, ते सांगत नाही.’’ दिशा ठरवायला आणखी पुरावे लागतात. कातळाच्या उंचवट्याची बर्फ चढला ती बाजू गुळगुळीत असते, उतरला ती बाजू उखडलेली. आणि गोटा ज्या जातीच्या दगडाचा, तो दगड मूळ जागेवर कुठे आहे हे सापडले की प्रवासाचा आरंभ सापडतो. थोडक्यात, पुराभिलेख वाचताना आम्ही जे करतो तेच : एका कागदावर विसंबायचे नाही.

हे दिशांचे वाचन पुढे जगाला फारच महागात पडले. म्हणजे जुन्या भूगोलाला. साधारण तीस कोटी वर्षांपूर्वीचे असेच थर दक्षिण आफ्रिकेत, ऑस्ट्रेलियात, ब्राझीलमध्ये निघाले. ऑस्ट्रेलियाच्या दक्षिण किनाऱ्यावर आणि ब्राझीलमध्ये बर्फ समुद्राकडून जमिनीवर आलेला दिसे. समुद्रातून हिमनदी चढेल कशी? तिथे तेव्हा समुद्र नव्हता, जमीन होती, असे मानले तरच ते जमते. भारत, आफ्रिका, ऑस्ट्रेलिया, दक्षिण अमेरिका आणि अंटार्क्टिका दक्षिण ध्रुवाभोवती एकत्र आणले की विखुरलेले ओरखडे एकाच हिमप्रदेशाचे होतात. आल्फ्रेड वेगेनरने १९१५ मध्ये खंड सरकतात असे मांडले, त्यात हा पुरावा वजनदार होता. त्याला हयातीत फारसे मानले गेले नाही. १९३० मध्ये तो ग्रीनलंडच्या बर्फावरच मरण पावला. त्या जोडलेल्या भूमीला सुएसने १८८५ मध्येच नाव दिले होते, गोंडवाना. चांदा ही गोंड राजांची राजधानी. जगभरच्या पाठ्यपुस्तकांतले हे नाव आपल्या शेजारचे आहे, याची जाण आपल्याकडे फारच थोड्यांना असते.

बर्फ ओसरल्यावर त्या गार, ओलसर जमिनीवर ग्लॉसोप्टेरिस नावाची जिभेच्या आकाराच्या पानांची झाडे वाढली. त्यांच्यासारख्या वनस्पती गाडल्या जाऊन आजचा कोळसा झाला. कॅप्टन स्कॉटच्या तुकडीने दक्षिण ध्रुवावरून परतताना सुमारे सोळा किलो दगड शेवटपर्यंत ओढले. त्यांची प्रेते मिळाली तेव्हा दगड जवळच होते आणि त्यांत हेच पान होते.

म्हणजे इरईच्या परिसरात थर असे लागतात : तळाला अंदाजे शंभर कोटी वर्षांचा चुनखडक, त्यावर बर्फाने टाकलेले गोटे, वर कोळसा, आणि पश्चिमेला सरकत गेले की या सगळ्यावर आमचा काळा दगड. कोळसा वीजकेंद्राला जातो, चुनखडक सिमेंटला. बर्फाचा थर मधला. तो कशालाच लागत नाही. खाणीच्या भाषेत चुनखडकाच्या वरचे जे असेल ते ओव्हरबर्डन, आधी उचलून बाजूला टाकायचे. वाईट हेतू कोणाचाच नसतो. पण रेघा ज्या पृष्ठभागावर आहेत तो ओव्हरबर्डनच्या तळाचा आणि मालाच्या माथ्याचा. म्हणजे पहिल्याच सुरुंगात जाणारा.

शिक्षकांनी पाण्याची बाटली कातळावर ओतली. ओल्या दगडावर रेघा ठळक झाल्या, सगळ्या एकाच दिशेने निघालेल्या. दोन मिनिटांत उन्हाने तो सुकला आणि रेघा पुन्हा फिक्या झाल्या. परतताना घुग्घुसजवळ कोळशाच्या ट्रकांच्या रांगेत आमची गाडी तासभर अडकली. ड्रायव्हर काच खाली करून म्हणाला, ‘‘मे महिन्यात या साहेब, तेव्हा कळेल चंद्रपूर काय ते.’’