ढेबरिया रबारींची भरतकामबंदी

१२. ‘ही बंदी’ सरकारी नव्हे. कच्छातल्या ढेबरिया रबारींच्या पंचांनी १९९५ साली स्वतःच्या वापरासाठी भरतकाम करण्यावर ती घातली. उंट-मेंढ्या राखणाऱ्या या जमातीत लग्न लहानपणीच लागे, पण मुलगी सासरी जायची ती आणं, म्हणजे सोबत न्यायचं भरतकाम, पुरं झाल्यावर. आण्यात भरलेल्या चोळ्या, घागरे, तोरणं, पिशव्या. साखळी टाक्याने आकृतीची कड आखायची, आत गोल, तिकोनी, चौकोनी आरसे टाचायचे. एकेका कापडाला महिने जात. आपल्या रुखवताशी याची तुलना करतात, ती लंगडी आहे: रुखवत मांडून दाखवायचं, आणं वापरायचं. सासरच्या मागण्या वाढत गेल्या, टाके संपेनात, आणि तिशीला टेकलेल्या बायकाही माहेरीच राहू लागल्या. पंचांनी दोराच कापला.

बायकांनी मग शिवणयंत्र काढलं. बाजारातली फीत, लेस, जरीची किनार कापून कापडावर बसवली आणि जुन्या नक्षीची नवी तऱ्हा काढली. लेखकाने ‘बाजारू’ म्हणून झटकलेलं काम ते हेच. संपादकांना हा शेरा अन्यायाचा वाटतो, पण मूळ मजकूर तसाच ठेवला आहे.