बंगळूर, १३.०३

११.५८. मुंबईहून इंडियन एअरलाइन्सचं ६०५ क्रमांकाचं विमान बंगळूरला निघालं. १४ फेब्रुवारी १९९०, बुधवार. आत १३९ प्रवासी आणि ७ कर्मचारी. विमान एअरबस ए-३२०, ताफ्यात नवं कोरं. डाव्या खुर्चीतल्या वैमानिकाची या विमानाच्या कॅप्टनपदासाठी तपासणी सुरू होती. तपासणारे कॅप्टन उजव्या खुर्चीत.

१३.०० च्या सुमारास. बंगळूरला आकाश निरभ्र. समोर ०९ क्रमांकाची धावपट्टी दिसत होती. कुठलाही बिघाड नाही.

ए-३२० मध्ये इंजिनांचा जोर ऑटोथ्रस्ट सांभाळतो. तो ‘स्पीड’ पद्धतीत असला की वेग घटताच जोर आपोआप वाढतो. ‘ओपन डिसेंट’मध्ये मात्र इंजिनं आयडलवर, म्हणजे किमान जोरावर राहतात आणि वेग राखायचा तो नाक खाली झुकवून. नाक तेवढं झुकवलं नाही, तर वेग घटत जातो आणि इंजिनं गप्प राहतात. जुन्या विमानांत अशा वेळी थ्रस्ट लिव्हर हाताखाली मागे सरकायचे. ए-३२० मध्ये ते एका खाचेत स्थिर असतात. जोर पूर्ण असो वा किमान, तळहाताला काहीच कळत नाही. कळतं ते पडद्यावरच्या छोट्या अक्षरांतून आणि वेगाच्या पट्टीवरून.

१३.०२. उतरता न आल्यास चढायची उंची म्हणून ६००० फूट आणि खाली येण्याचा दर मिनिटाला ७०० फूट, अशी मागणी डावीकडून झाली. या दोन्हींची बटणं एकमेकांना लागून आहेत. ७०० चा आकडा दराऐवजी उंचीच्या बटणावर फिरवला गेला असावा, ही शक्यता पुढे चौकशीत मांडली गेली. एवढं निश्चित, की विमान आयडल ओपन डिसेंटमध्ये होतं.

इथून पुढे मिनिटं पुरत नाहीत, उंची मोजायची.

४०० फूट. यंत्राने आकडा पुकारला. आपण आयडल ओपन डिसेंटमध्येच उतरतो आहोत, हे उजव्या खुर्चीतून बोललं गेलं. दोष ओळखला गेला होता. त्याच क्षणी लिव्हर पुढे ढकलले असते, तर विमान वाचलं असतं, असं मला वाटतं.

३०० फूट. ‘फ्लाइट डायरेक्टर’, म्हणजे विमान कसं न्यायचं हे पडद्यावर दाखवणारी यंत्रणा; प्रत्येक वैमानिकाची वेगळी. ‘ते बंद करू का?’ अशा अर्थाचा प्रश्न. होकार. डावीकडचा आधीच बंद होता. उजवीकडचा चालूच राहिला आणि हेही बोललं गेलं. दोन्ही बंद झाल्याशिवाय ऑटोथ्रस्ट स्पीड पद्धतीत परतत नाही. एक बटण उरलं होतं.

२०० फूट. ऑटोपायलट अजून चालू आहे का, याची विचारपूस. तो बंद होता. या टप्प्यावर हवा होता १३२ नॉट वेग. तो अखेरीस १०६ नॉटच्या आसपास उतरला. वेगाची पट्टी दोघांच्याही समोर होती.

१०० फूट. विमान खाली चाललंय, हे आता दोघांनाही दिसलं. नाक उचलण्यासाठी साइडस्टिक, म्हणजे विमान वळवायची काठी, मागे ओढली गेली, लिव्हर पुढे ढकलले गेले. पण आयडलवरून पूर्ण जोरावर यायला जेट इंजिनांना काही सेकंद लागतात.

१३.०३. धावपट्टीच्या अलीकडेच, कर्नाटक गोल्फ क्लबच्या हिरवळीवर चाकं टेकली. विमान पुन्हा थोडं उचललं गेलं, परत आदळलं, बांधावर धडकलं आणि विमानतळाच्या कुंपणाबाहेर पेटलं. ९२ जणांचा मृत्यू झाला, त्यांत दोन्ही वैमानिक. ५४ जण वाचले.

सरकारने देशातली सगळी ए-३२० विमानं जमिनीवर उभी केली. चौकशीत इंजिनांत दोष सापडला नाही. आयडल सांगितलं होतं तोवर ती आयडलवर राहिली आणि जोर मागितल्यावर वाढू लागली.