गाव सोडताना आणि गाव सुटताना : न्हावा शेवा परिसरातील स्थलांतराचा इतिहास

न्हावा आणि शेवा ही मुळात दोन स्वतंत्र गावे. न्हावा पनवेल तालुक्यातील, तर शेवा उरण तालुक्यातील. भातशेती, मिठागरे आणि खाडीतील मासेमारी यांवर येथील आगरी-कोळी समाजाचा संसार पिढ्यानपिढ्या चालत आला. २६ मे १९८९ रोजी जवाहरलाल नेहरू बंदर कार्यान्वित झाले आणि ही दोन नावे एक होऊन देशोदेशींच्या जहाजांच्या कागदपत्रांवर जाऊन पोहोचली.

या किनाऱ्यावर स्थलांतराचे दोन प्रवाह एकत्र आले आहेत. एक प्रवाह उपजीविकेसाठी दूरच्या खेड्यांतून आलेल्यांचा. दुसरा, विकासासाठी ज्यांचे गावच उठले त्यांचा. पहिल्यांनी गाव सोडले, दुसऱ्यांचे गाव सुटले. दोहोंच्या कल्याणाचा विचार एकत्र केल्याशिवाय या परिसराचा सामाजिक इतिहास पूर्ण होत नाही.

खेडूत कुटुंब आनंदाने घराला कुलूप लावत नाही. बेभरवशाचा पाऊस, वाटण्यांनी लहान होत गेलेली जमीन, सावकाराचे वाढते कर्ज आणि मुलांच्या शिक्षणाची गैरसोय ही त्यामागची नेहमीची कारणे होत. मारवाड आणि कच्छमधील जैन कुटुंबांच्या आठवणींत विक्रम संवत १९५६ चा, म्हणजे इ. स. १८९९-१९०० चा ‘छप्पनिया’ दुष्काळ आजही जिवंत आहे. अशा संकटात घरातील एखादा तरुण आधी पुढे जाई, नातलगाच्या दुकानात नोकरीस राही, पुढे भागीदार होई आणि स्थिरावल्यावर पत्नी-मुलांना बोलावून घेई. घाटाच्या पायथ्याशी असलेले, १८५२ पासून नगरपालिका लाभलेले पनवेल हे व्यापारी गाव अशा कुटुंबांना सोयीचे होते. त्याच काळात कोकणातील हजारो पुरुष मुंबईच्या गिरण्यांत जात होते. त्यांच्या घरी मनीऑर्डर येई. परंतु शेती, म्हातारी माणसे आणि लेकरे यांचा भार गावी राहिलेल्या स्त्रीवर पडे.

शहराने मिळकत दिली, शाळा आणि दवाखाना जवळ आणला. मात्र गावात नावावर मिळणारी उधारी, आजारपणात धावून येणारा शेजारी आणि नातवंडांवर संस्कार करणारी आजी शहरात आपोआप मिळत नसे. जैन कुटुंबापुढे याखेरीज सूर्यास्तापूर्वीच्या शुद्ध भोजनाचा आणि मुलांच्या धर्मशिक्षणाचा प्रश्न असे. म्हणूनच जैन समाज जेथे गेला तेथे मंदिराबरोबरच धर्मशाळा, पाठशाळा, भोजनशाळा आणि विद्यार्थी वसतिगृहे उभी राहिली. १८९९ मध्ये स्थापन झालेली दक्षिण महाराष्ट्र जैन सभा, आचार्य विजयवल्लभसूरी यांच्या प्रेरणेने १९१४ मध्ये मुंबईत स्थापन झालेले महावीर जैन विद्यालय, ही त्याची ठळक उदाहरणे होत. गावाने जे सहज दिले होते ते शहरात संस्थेने द्यावे, हा या कार्यामागील विचार होता.

कोल्हापूरच्या जैन बोर्डिंगमध्ये राहून शिकलेल्यांत कुंभोजचे एक खेडूत जैन विद्यार्थी होते. तेच पुढे कर्मवीर भाऊराव पाटील म्हणून ओळखले गेले. वसतिगृहाचे मोल जाणून त्यांनी ती सावली सर्व जातिधर्मांच्या मुलांसाठी विस्तारली. १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था स्थापन झाली आणि १९२४ मध्ये साताऱ्यात वसतिगृह सुरू झाले. तेथील मुलांच्या अन्नासाठी त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांनी आपले दागिने, प्रसंगी मंगळसूत्रही मोडले.

आता दुसरा प्रवाह. १९७० मध्ये सिडकोची स्थापना झाली आणि नवी मुंबईसाठी ठाणे, पनवेल व उरण तालुक्यांतील ९५ गावांच्या जमिनींचे संपादन सुरू झाले. बंदरासाठी शेवा गाव उठले. तेथील कोळी कुटुंबांचे पुनर्वसन उरणजवळ हनुमान कोळीवाड्यात झाले. तेथील घरांना वाळवीने ग्रासले आणि पुन्हा पुनर्वसन व्हावे म्हणून ग्रामस्थांना अनेक वर्षे झगडावे लागले. योग्य मोबदल्यासाठी दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली शेतकऱ्यांनी लढा उभारला. १६ व १७ जानेवारी १९८४ रोजी झालेल्या गोळीबारात पाच शेतकरी हुतात्मे झाले. संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड परत देण्याचे धोरण याच संघर्षाचे फळ होय.

एकरकमी मोबदला हाती आला तरी शेत आणि खाडी यांनी दरवर्षी दिलेला आधार तो देऊ शकत नाही. पैसा खर्च होतो. कायम टिकते ते शिक्षण. न्हावा शेव्याच्या शेजारी फुंडे येथे रयत शिक्षण संस्थेचे वीर वाजेकर महाविद्यालय आहे. शेतकरी-कोळी घरांतील मुलांना पदवीचे शिक्षण त्यामुळे घराजवळ मिळाले. एका जैन बोर्डिंगमध्ये शिकलेल्या खेडूत मुलाने लावलेल्या रोपट्याची सावली अशा रीतीने या किनाऱ्यापर्यंत आली. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर भारतीय जैन संघटनेने सुमारे १२०० मुलांना शिक्षणासाठी पुण्यास आणले, तेव्हाही हीच परंपरा पुढे गेली. संकटाने गाव सुटलेल्या त्या मुलांना परगावी निवारा, अन्न आणि शाळा एकत्र मिळाली.

आज शिवडी ते न्हावा शेवा हा अटल सेतू जानेवारी २०२४ पासून वाहतुकीस खुला आहे. ८ ऑक्टोबर २०२५ रोजी नवी मुंबई विमानतळाचे उद्घाटन झाले. कंटेनरचे चालक, गोदामातील हमाल, बांधकामावरील मजूर अशी दूरच्या खेड्यांतील माणसे येथे येत आहेत. त्यांचीही कारणे जुनीच आहेत आणि उणिवाही जुन्याच : स्वस्त निवारा, शुद्ध अन्न, आजारपणातील आधार आणि मुलांची शाळा.

ज्या समाजाचे पूर्वज एकेकाळी परमुलखात धर्मशाळेच्या ओट्यावर उतरले, त्या समाजाला या उणिवा समजावून सांगण्याची गरज नाही. साधर्मिक भक्तीने आपल्या माणसाला सावरले. अनुकंपेला मात्र जातीची वा प्रांताची सीमा नाही. सुवर्णमहोत्सवानंतरच्या वाटचालीत ट्रस्टच्या छत्राखाली नव्याने आलेल्या आणि गाव गमावलेल्या अशा दोन्ही कुटुंबांची मुले शेजारी बसून शिकली, तर पूर्वजांच्या स्थलांतराचे सार्थक होईल.